‘सहा महिन्यांत ५७०’ : पिस्तूल नेमबाजीतल्या एका ध्येयाचं प्रकरण

डायरीच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती : ‘सहा महिन्यांत ५७०.’ खाली दोन जाड रेघा. डायरी माझ्यापुढे सरकवून तिने विचारलं, "सर, यासाठी रोज काय करू?"

ती माझ्याकडे तीन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल शिकत होती. वय ३४, पूर्ण वेळ नोकरी, रेंजवर आठवड्यातून तीन संध्याकाळी. मेहनतीत कधी कसूर नव्हती, पण आठ-नऊ महिने स्कोअर जागच्या जागी अडकला होता. घड्याळ लावून खेळलेल्या शेवटच्या १० पूर्ण मॅचची सरासरी ५४८. सगळ्यांत चांगली ५५६, सगळ्यांत वाईट ५३७. प्रकार ६० शॉट्सचा, म्हणजे कमाल गुण ६००. ५७० म्हणजे दर शॉटला साडेनऊ, ५४८ म्हणजे नऊच्या जरा वर. ऐकताना फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो २२ गुणांचा आहे, आणि हे २२ गुण नेमके कुठे सांडतात हे तिला सांगता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. तीन वर्षं शिकवूनही येत नव्हतं, याची मला त्या संध्याकाळी खरोखर लाज वाटली.

तिच्या परवानगीने हे प्रकरण लिहितो आहे. पुढच्या सहा महिन्यांत तिचं ध्येय आम्ही अनेकदा मोडलं आणि पुन्हा मांडलं. ध्येय कसं मांडावं याबद्दल मी त्याआधी वर्षानुवर्षं जे बोलत आलो होतो, त्यातलं बरंचसं या काळात तपासलं गेलं.

स्कोअरशीट उलगडल्यावर

पहिलं काम म्हणून त्या १० मॅचच्या स्कोअरशीट आम्ही टेबलावर पसरल्या आणि ६०० शॉट्स एकेक करून मोजले. दहा २२६ वेळा, नऊ २६२ वेळा, आठ ८४, सात २२ आणि सहा ६ वेळा. एकूण गमावलेले गुण ५२०.

तिची समजूत होती की आपल्याला ‘दहा कमी पडतात’. बहुतेक नेमबाजांची हीच समजूत असते, कारण मॉनिटरवर दहा दिसला की बरं वाटतं आणि नऊ दिसला की चुटपुट लागते. आकडे मात्र वेगळं सांगत होते. आठ आणि त्याखालचे शॉट होते ११२, म्हणजे पाचांत एकापेक्षाही कमी. तेवढ्या ११२ शॉट्सनी २५८ गुण खाल्ले होते, एकूण तोट्याच्या जवळपास निम्मे. हेच शॉट नुसते नऊ झाले असते, एकही दहा वाढला नसता, तरी सरासरी ५६२ च्या पुढे गेली असती. मॅचमागे साधारण ११ शॉट; तिचं सगळं अडलेलं वर्ष त्या ११ शॉट्समध्ये होतं.

आणखी एक गोष्ट दिसली. ११२ पैकी ५१ शॉट शेवटच्या दोन सिरीजमधले होते, म्हणजे मॅचच्या शेवटच्या वीस शॉट्समधले. सारखे वाटले गेले असते तर तिथे ३७-३८ यायला हवे होते. जुन्या टिपणांवरून तिने स्वतःसाठी सरावाचा जो आराखडा केला होता तो ४० शॉट्सच्या मॅचचा होता. महिलांची मॅच २०१८ पासून ६० शॉट्सची झाली. सरावाचे अनेक जुने कागद मात्र तसेच हातोहात फिरत राहिले आहेत. ४० शॉट्सना पुरणारा दम ती ६० शॉट्सना ताणत होती.

यानंतर तिचे तीन सराव मी बाजूने चित्रित केले आणि पिस्तूल वर आल्यापासून शॉट सुटेपर्यंतचे सेकंद मोजले. चांगले शॉट बहुधा सहा ते नऊ सेकंदांत सुटत होते. आठ आणि सात आलेल्या शॉट्सपैकी बहुतेकांना तेरा, चौदा, कधी सतरा सेकंद लागले होते. हात वर जायचा, स्थिरावायचा, तरी ती थांबायची. आणखी स्थिर होईल म्हणून थांबायची. तोवर खांदा थकायचा, डोळा साइटवरून (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणेवरून) घसरायचा, श्वासाची गरज वाढायची आणि मग ‘आता सुटूच दे’ म्हणून ट्रिगर एकदम ओढला जायचा. छरा खाली डावीकडे. उजव्या हाताच्या नेमबाजाने ट्रिगर हिसकला की छरा बहुधा तिकडेच जातो.

पहिली मांडणी, जी माझ्यामुळे फसली

एवढं हाताशी आल्यावर मी उत्साहात एक पानभर ध्येयं लिहून दिली. मॅचमध्ये आठच्या खाली एकही शॉट नको. रोज अर्धा तास ड्राय फायरिंग, म्हणजे छरा न भरता ट्रिगर ओढण्याचा सराव. आठवड्यातून तीन दिवस होल्डिंगचा, म्हणजे पिस्तूल नेमावर धरून ठेवण्याचा व्यायाम. ग्रिपचा अंगठ्याजवळचा भाग घासून बसवून घेणं. दर शॉटची नोंद. तिने ते पान भिंतीवर चिकटवलं आणि सहा आठवडे प्रामाणिकपणे पाळायचा प्रयत्न केला. त्या काळातल्या तीन मॅचची सरासरी आली ५४५.

तिसऱ्या मॅचनंतर ती जे म्हणाली ते मी जसंच्या तसं टिपून ठेवलं आहे. "सर, पिस्तूल उचलते तेव्हा डोक्यात आठच असतो. पहिला आठ लागला की वाटतं, आजचं ध्येय गेलं. मग उरलेले पन्नास शॉट कशासाठी मारायचे तेच कळत नाही."

दोष माझ्या मांडणीत होता. ‘आठ नको’ हे ध्येय नेमबाजाला काय करायचं ते सांगत नाही. काय घडू नये एवढंच सांगतं, आणि ते घडल्याची बातमी शॉट सुटल्यावर मिळते. शिवाय एका शॉटमध्ये मोडणारं ध्येय साठ शॉट्सच्या मॅचला लावणं म्हणजे दहाव्या मिनिटाला माणसाला वाऱ्यावर सोडणं. पाच गोष्टी एकदम बदलायला सांगितल्यामुळे कोणती उपयोगी आणि कोणती नडते तेही समजेना. ग्रिप बदललेली, व्यायामाने खांदा जड झालेला आणि डोक्यात आठ. स्कोअर उतरला यात नवल नव्हतं.

भिंतीवरचं पान काढलं. ड्राय फायरिंग तेवढं ठेवलं, तेही रोज अर्ध्या तासाऐवजी आठवड्यातून चार दिवस, ४० उचल. थकव्यासाठी एकच बदल केला : आठवड्यातला एक सराव पूर्ण मॅचसारखा, घड्याळ लावून, ६० शॉट्सचा. मग एक वाक्य लिहिलं. दहा मोजेपर्यंत शॉट सुटला नाही तर पिस्तूल खाली.

खाली घेणं

वर उचललेलं पिस्तूल शॉट न मारता खाली आणणं नियमात पूर्णपणे बसतं, आणि त्याची किंमत फक्त वेळ असते. तरी नेमबाज ते टाळतात, कारण एवढं सावरून आणलेलं सोडवत नाही. तिची भीती वेगळी होती : "वेळ संपेल."

म्हणून हिशेब केला. ६० शॉट्सना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं मिळतात. त्याआधीची तयारीची आणि साइटर्सची (गुण न धरले जाणाऱ्या चाचणी शॉट्सची) १५ मिनिटं वेगळी. शॉटमागे सव्वा मिनिट. तिच्या १० मॅच सरासरी ४८ मिनिटांत संपल्या होत्या. २७ मिनिटं ती दर वेळी वापरल्याशिवाय परत करत होती. एकदा खाली घेऊन श्वास सावरून पुन्हा उचलायला अर्ध्या-पाऊण मिनिटापेक्षा जास्त लागत नाही, म्हणजे तीस वेळा खाली घेतलं तरी मॅच वेळेत संपते. हे गणित मांडल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो मी विसरणार नाही. तीन वर्षं तिला कोणी हे सांगितलं नव्हतं. म्हणजे मी सांगितलं नव्हतं.

नोंदही बदलली. डायरीत स्कोअर लिहायचा, पण पानाच्या तळाशी. वर दोन आकडे : किती वेळा दहा मोजून झाल्यावरही ताणलं आणि तरी मारलं, आणि किती वेळा खाली घेतलं. पहिला आकडा उतरत गेला पाहिजे. पहिल्या पूर्ण सरावात तो १७ होता. पाच आठवड्यांत ४ वर आला.

तेराव्या आठवड्यात मॅच झाली. स्कोअर ५५१. ती खाली मान घालून आली. दहा फक्त १८ होते, तिच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा चार-पाच कमी. मी शीट मागितली : ३६ नऊ, ५ आठ, १ सात. आठ आणि त्याखाली मिळून सहा, जिथे आधी अकरा असायचे. पहिल्यांदाच तिने ६६ मिनिटं वापरली होती आणि शेवटच्या वीस शॉट्समध्ये फक्त दोन आठ होते. आम्ही जे मांडलं होतं ते झालं होतं. तिला ते दिसत नव्हतं, कारण पहिल्या पानावरची दोन जाड रेघांची ओळ अजून तिच्या डोक्यातून गेली नव्हती.

ध्येय आडोसा झालं

मात्र १८ दहांची तिची तक्रार पोकळ नव्हती. पुढच्या सरावात मी पुन्हा मोजलं : ६० शॉट्ससाठी तिने ३१ वेळा पिस्तूल खाली घेतलं. त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा होल्ड चांगला होता. शॉट सुटायला हवा होता आणि ती दहा मोजण्याची वाट पाहत होती. खाली घेण्याची मुभा तिच्यासाठी निर्णय टाळायची जागा झाली होती.

इथे मला मुळाशी जायला भाग पडलं. ती ताणत का होती? कारण ट्रिगरवर दाब कधी सुरू करायचा हे तिने हात स्थिर होण्यावर सोपवलं होतं, आणि हात पूर्ण स्थिर कधीच होत नाही. एका हातात, बिनाटेकूचं पिस्तूल धरलं की ते हलतंच. उत्तम नेमबाजाचंही हलतं, फक्त कमी जागेत. त्या हलण्यातून योग्य क्षण पकडायला गेलं की बोट डोळ्याचा हुकूम ऐकतं आणि हिसका बसतो.

हलण्याचं एवढं भय बाळगण्याचं कारण नाही हे तिला पटावं म्हणून मी कागदावर आकृती काढली. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, छरा ४.५ मिलिमीटर, आणि छऱ्याची कड रेषेला टेकली तरी वरचे गुण मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा. पुढचं प्रत्येक वर्तुळ आणखी ८ मिलिमीटर बाहेर. आता, दोन्ही साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात ५ मिलिमीटर सरकला, तर छराही ५ मिलिमीटरच सरकतो : दहाच. पण हात जागेवर आहे आणि पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत १ मिलिमीटर वाकडी झाली तर? तिच्या पिस्तुलावर दोन साइट्समधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर आहे. १० मीटरवर ती चूक तीसपट होते. छरा ३० मिलिमीटर बाहेर, सरळ सातमध्ये. खाचेतला पाव मिलिमीटरसुद्धा लक्ष्यावर साडेसात मिलिमीटर होतो, म्हणजे दहा जेमतेम वाचतो.

ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस चुकीच्या हलण्याला घाबरत होते."

त्यानंतरच्या ड्राय फायरिंगमधून लक्ष्यच काढून टाकलं. समोर कोरी पांढरी भिंत. लक्ष्य नाही म्हणजे मध्य नाही, वाट बघण्यासारखं काही नाही. पुढच्या साइटची वरची कड, दोन्ही बाजूंचा सारखा प्रकाश आणि बोट. तिच्या पिस्तुलाला बहुतेक मॅच पिस्तुलांसारखी हवा न सोडता ट्रिगर चालवायची सोय आहे आणि ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे. नियमाने त्याचं वजन किमान ५०० ग्रॅम असावं लागतं. पहिला टप्पा हात खाली येत असतानाच घ्यायचा, साइट एका रेषेत आली की दुसऱ्याचा दाब सुरू करायचा आणि तो वाढवतच न्यायचा. ‘टक’ झालं त्या क्षणी पुढची साइट हलली का, एवढंच बघायचं. डायरीत ४० पैकी किती वेळा हलली नाही तो आकडा. पहिल्या दिवशी २२. चौथ्या आठवड्यात ३३ ते ३५.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. ड्राय फायरिंगच्या आधी छरा नाही हे उघडून पाहणं, नळी सुरक्षित दिशेला ठेवणं, शॉट सोडायचा नसेल तेव्हा बोट ट्रिगरपासून दूर ठेवणं, सराव नसताना सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) लावणं, या गोष्टी मी तिच्या ध्येयांच्या यादीत कधीच घातल्या नाहीत. ध्येय चुकलं तर पुढच्या आठवड्यात सुधारता येतं. या गोष्टींना पुढचा आठवडा नसतो. काडतुसाचं पिस्तूल वापरणाऱ्यांनी ड्राय फायरिंगच्या वेळी जिवंत काडतुसं त्या खोलीतसुद्धा ठेवू नयेत.

रेंजवरचं ध्येयही पुन्हा मांडलं : साइट जागेवर आली की दाब सुरू. दाब सुरू झाला आणि थबकला, तरच खाली. दहा मोजण्याची अट राहिली, पण शेवटचा उपाय म्हणून. खाली घेण्याचं प्रमाण दोन आठवड्यांत ३१ वरून १२-१३ वर आलं.

शॉट सांगणं

सोबत एक छोटी चाचणी सुरू केली, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणात तिचा उपयोग सर्वाधिक झाला. दर शनिवारी २० शॉट. मॉनिटर झाकलेला. शॉट सुटल्यावर तिने छरा कुठे गेला ते सांगायचं : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे की मधोमध. मग कापड उचलायचं. पहिल्या शनिवारी २० पैकी ७ बरोबर. बाकीच्या वेळी तिने शॉट सुटताना डोळे मिटले तरी असावेत, किंवा नजर आधीच मॉनिटरकडे पळाली असावी. सातव्या शनिवारी १५.

जो नेमबाज शॉट सांगू शकतो तो सुटतानाचा क्षण पाहत असतो. ज्याला सांगता येत नाही त्याला मी कितीही दोष दाखवले तरी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेले राहतात. या चाचणीने तिची माझ्यावरची भिस्त कमी झाली, आणि ते मला मनापासून हवं होतं. अठराव्या आठवड्याच्या सुमारास तिने स्वतःहून मागची साइट दोन क्लिक फिरवली. सांगितलेले शॉट आणि लागलेले शॉट सतत एकाच बाजूला थोडे वेगळे पडत होते. याचा अर्थ हात बरोबर आणि साइट चूक. एरवी ती मला विचारल्याशिवाय क्लिकला हात लावत नसे.

मधे पंधराव्या आणि सोळाव्या आठवड्यात उजवा खांदा दुखायला लागला म्हणून उचल पूर्ण बंद ठेवावी लागली. ती म्हणाली, परत आले की दुप्पट करून भरून काढते. मी नको म्हटलं. आठवड्याचे आकडे हे कर्ज नसतं. परतल्यावर पहिला आठवडा २० उचल, मग ३०, मग ४०, आणि घड्याळ लावलेला पूर्ण सराव तीन आठवडे पुढे ढकलला.

सहा महिने संपले तेव्हा

शेवटच्या पाच मॅचची सरासरी ५५९, सगळ्यांत चांगली ५६४. ५७० झाले नाहीत.

पुन्हा शीट पसरल्या, या वेळी ३०० शॉट्स : १२९ दहा, १४३ नऊ, २२ आठ, ६ सात. सहा एकही नाही. आठ आणि त्याखालचे मॅचमागे साडेपाच-सहा. आधीच्या बरोबर निम्मे. दहा मॅचमागे तीनने वाढले होते, ज्यांच्यासाठी आम्ही वेगळं काहीच केलं नव्हतं. ७५ मिनिटांपैकी ती आता ६० ते ६५ वापरत होती.

हे सगळं एका नेमबाजाचं आहे. दुसऱ्या कोणाच्या शीटवर गळती वेगळ्या ठिकाणी दिसेल. कोणी पाच सेकंदांत घाईने मारून मोकळा होत असेल, कोणाचा ग्रुप घट्ट, म्हणजे सगळे छरे जवळजवळ पडणारे असतील पण दोन वर्तुळं उजवीकडे. त्याला ‘दहा मोजून खाली’ हे ध्येय दिलं तर त्याचं नुकसान होईल. २५ मीटरच्या रॅपिड टप्प्यात तर लक्ष्य तीनच सेकंद समोर असतं. तिथे या वाक्याला अर्थच नाही.

आता तिच्या तोट्यातला मोठा हिस्सा नऊंचा आहे, मॅचमागे २८ ते २९. नऊचा दहा करणं हे आठचा नऊ करण्यापेक्षा निराळं काम आहे. त्यात होल्डची जागा आकसावी लागते, म्हणजे उभं राहण्याची पद्धत, पायांमधलं अंतर, मनगटाचा कोन आणि खांद्याची ताकद, सगळ्यात हात घालावा लागेल. यातलं आधी काय घ्यायचं यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. माझं म्हणणं पायांपासून सुरू करू. तिला मनगट आधी हवं आहे आणि त्यासाठी तिच्याकडे गेल्या चार शनिवारच्या नोंदी आहेत, ज्यात उभे चुकलेले शॉट आडव्यांपेक्षा जास्त आहेत. उभ्या चुकीचा संबंध मनगटाशी अधिक असतो, त्यामुळे मला तिचंच म्हणणं मान्य करावं लागेल असं दिसतं.

गेल्या आठवड्यात तिने नवी डायरी आणली. पहिलं पान कोरं आहे. दुसऱ्या पानावर दोन रकाने आखले आहेत : ‘सांगितलेला शॉट’ आणि ‘लागलेला शॉट’.